रांग बारापासून बदक

आमच्या ऑफिसात एखाद्या वस्तूला कुलूप लावायचं असेल तर कारण लिहावं लागतं. कुलूप म्हणजे कॉम्प्युटरमधलं. आम्ही इमारतींची अशी मॉडेलं करतो की स्क्रीनवर त्यांच्यात चालत फिरता येतं. मॉडेलमधल्या एखाद्या वस्तूपुढच्या चौकटीत खूण केली की ती 'कमी करू नये' या यादीत जाते आणि तिच्या तपशिलाला मग कुणी हात लावू शकत नाही. कारणाचा रकाना मास्तरांनी मुद्दाम ठेवला आहे. माणूस कारण लिहायला बसला की अर्धी कुलपं आपोआप निघतात, असं त्यांचं म्हणणं.

त्या मंगळवारी सकाळी कात्रीनं यादी मोठ्यानं वाचायला घेतली.

"झुंबर. कारण, अध्यक्षबाईंच्या आजोबांनी दिलंय. ठीक आहे. पिण्याच्या पाण्याची टाकी. कारण, चुकून. मास्तर, हे तुमचं."

"काढून टाक," मास्तर म्हणाले.

"मागचा पडदा. कारण, नंतर सांगते." तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "ताई, नंतर म्हणजे कधी?"

"नंतर," मी म्हणाले.

ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक लांबट खोली आणि आम्ही तिघं. मास्तर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे, ऑफिस त्यांचं. मी मॉडेलं बांधते, म्हणजे जड करते. कात्री ती हलकी करते, म्हणून ती कात्री. ती मला ताई म्हणते. मास्तर मला काहीच म्हणत नाहीत, नुसते घसा खाकरतात, आणि ते माझ्यासाठी आहे हे मला कळतं.

कॉम्प्युटरला गोल माहीत नाही, वळण माहीत नाही. त्याला फक्त त्रिकोण कळतो. सफरचंद हवं असेल तर काही हजार त्रिकोण कडेला कड लावून जोडायचे. त्रिकोण जितके बारीक तितकं सफरचंद खरं, आणि मशीनला धाप तितकी जास्त. म्हणून प्रत्येक वस्तूच्या चार आवृत्त्या करून ठेवतात. एक हातात घेऊन बघावी अशी, एक चार पावलांवरून बघायची, एक लांबून, आणि एक नुसती जागेवर असल्यासारखी. बघणारा पुढेमागे सरकतो तशी मशीन गुपचूप एक उचलते आणि दुसरी ठेवते. कुठल्या अंतरावर कुठली ठेवायची, हे ठरवण्यात सगळं कसब. अदलाबदल फार जवळ झाली तर खुर्ची डोळ्यांदेखत दचकते. फार लांब झाली तर मशीनच्या नाकी नऊ येतात. ही अंतरं नीट जमली तर ती असतात हेसुद्धा कुणाला कळत नाही. म्हणून जगात आपलं कौतुक कुणी करत नाही, असं कात्री आठवड्यातून दोनदा तरी सांगते.

या वेळचं काम गावातल्या जुन्या नाट्यगृहाचं होतं. बावीस रांगा, सहाशे चाळीस खुर्च्या, एक झुंबर, वर दोऱ्या आणि कप्प्या. दुरुस्तीसाठी ते तीन वर्षं बंद होतं आणि आता उघडणार होतं. शनिवारी सकाळी समितीच्या सभागृहात समितीला आणि गावकऱ्यांना आम्ही ते मोठ्या स्क्रीनवर फिरवून दाखवायचं, असं ठरलेलं. मशीन मात्र तिथलीच वापरायची, म्हणजे पत्रं टाइप करायला घेतलेली. मागच्या पडद्याचं समितीनं अजून ठरवलं नव्हतं. तो ठेवायचा की काढून साधा काळा लावायचा, ते मॉडेल बघून ठरणार होतं. अध्यक्षबाईंनी पत्रात लिहिलं होतं, 'मॉडेलमध्ये जसा दिसेल त्यावरून.'

मागचा पडदा माझ्या वडिलांनी रंगवलेला होता. नाट्यगृहाचे पडदे रंगवणं हाच त्यांचा व्यवसाय. बाकीचे पडदे एकेक करून विरले, फाटले, कुणी काय केले कुणास ठाऊक. हा एवढा राहिला. एक बाग, तीत दगडी पायऱ्या, एक मोठं झाड, तळं, तळ्यात पक्षी. बाबा गेले त्याला आठ महिने झाले होते.

दुपारी कात्रीनं सभागृहातल्या मशीनची सख्खी बहीण शोभेल अशी एक जुनी मशीन कुठूनतरी आणली आणि मॉडेल चालवून पाहिलं. दारातून आत गेलो, छान. खुर्च्यांमधून उतरलो, छान. रंगमंचाकडे तोंड वळवलं आणि चित्र उचकी लागल्यासारखं थांबत थांबत सरकायला लागलं.

"एकट्या पडद्यात एक कोटी दहा लाख त्रिकोण आहेत," कात्री म्हणाली. "सगळ्या खुर्च्या मिळून एवढे नाहीत. ताई, पडदा सपाट असतो."

"सपाट नाही. रंगाचा थर आहे त्याच्यावर."

"केवढा?"

"दोन मिलिमीटर. काही ठिकाणी तीन."

खालच्या दुकानात कुणीतरी टायरमधली हवा सोडली, तेवढाच आवाज झाला.

ते तीन मिलिमीटर मी मोजलेले होते. बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी मी ओळीनं तीन दुपारी कॅमेरा घेऊन नाट्यगृहात गेले आणि शिडीवर चढून पडद्याचे सोळाशे फोटो काढले. त्यांवरून मॉडेल बांधलं. ब्रश कुठे टेकला, कुठे ओढला, कुठे उचलला, प्रत्येक कड त्यात आली. पक्ष्याच्या पंखाच्या पांढऱ्या रंगात ब्रशचा एक केस चिकटून राहिला आहे, तोही आला. मग मी कुलूप लावलं.

आणि मशीनची धाप हे दुखणं त्या मानानं बरंच म्हणायचं. कारण खुर्च्यांवरून बघितलं की बाग वाईट दिसत होती. हजारो बारीक कडा स्क्रीनच्या एकेका ठिपक्यात मावायला बघत होत्या. मशीन या क्षणी त्यातली एक निवडे, पुढच्या क्षणी दुसरी. कॅमेरा जरा हलला की सगळी पानं वळवळायची.

"बागेत मुंग्या झाल्यात," कात्री म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिनं आवाज खाली आणला. "सपाट पडद्यावर एक फोटो चिकटवू का? दहा मिनिटांचं काम."

"फोटो नको."

फोटोवर रंगमंचाचे दिवे पडले तरी काही होत नाही. उजेड वळला की बाबांच्या पायऱ्या वर येतात, कारण तिथे रंग जाड आहे. फोटोत त्या भिंतीवरच्या कॅलेंडरसारख्या दिसल्या असत्या, आणि अध्यक्षबाईंनी दुसऱ्या मिनिटाला काळा पडदा मागवला असता. मुंग्या पाहून पहिल्याच मिनिटाला मागवला असता, हेही खरं.

मास्तरांनी घसा खाकरला. "शुक्रवार संध्याकाळपर्यंत बघा काय होतंय," ते म्हणाले. "नाहीतर फोटो."

बुधवार सगळा त्यात गेला, कुलूप तसंच ठेवून, पडद्याच्या एका नकलेवर. आमच्याकडे त्रिकोण कमी करणारं एक यंत्र आहे, त्याला आकडा द्यायचा आणि ते छाटत जातं. निम्मे केले, पाव केले, शंभरातले चार ठेवले. यंत्राला झाड काय, दगड काय, सगळं सारखंच. ते सगळीकडून मुठीमुठीनं काढत होतं. निम्म्यावरही मुंग्या होत्याच. चार टक्क्यांवर मशीन पळायला लागली, मुंग्या गेल्या, पण पायऱ्यांची घसरगुंडी झाली आणि पक्ष्याची मान पाण्यात विरघळली.

"बुडाला," कात्री म्हणाली.

"वर काढ."

"काढते की. पण मला सांग, कुठे ठेवायचं आणि कुठे सोडायचं? झाडाची पानं कुठवर दिसायला हवीत? पायऱ्यांच्या भेगा? तुलाच माहीत असणार."

मला माहीत नव्हतं. लहानपणी शाळा सुटली की मी बाबांच्या फळीवर रंगाच्या डब्यांशेजारी बसून गृहपाठ करायची. ते झाडाची पानं झाडूनं रंगवायचे. खरोखरच्या, घर झाडायच्या झाडूनं. ती पानं माझ्या नाकापासून हातभर अंतरावर असायची, हिरव्या चिखलासारखी. हा पडदा मी आयुष्यभर हातभरावरूनच पाहिला होता. नाटकाच्या वेळीही मी पडद्याच्या कडेला उभी असायची. समोरून, लांबून, खुर्चीत बसून, कधीच नाही.

गुरुवारी सकाळी दारवाले काकांचा फोन आला. नाट्यगृहाच्या दाराशी चाळीस वर्षं तिकिटं फाडणारे हे काका, बाबांचे दोस्त. रंगमंचामागच्या भिंतीचं प्लास्टर काढायचं आहे, तिथे बाबांची पेटी पडून आहे, आजच्या आज घेऊन जा, असं ते म्हणाले. आई म्हणाली, मीही येते.

आई एक्काहत्तर वर्षांची आहे. नोकरीभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती, त्यामुळे समोरचा माणूस कायम दुसऱ्या गावात आहे अशा आवाजात बोलते. बाबा गेल्यापासून तो आवाज जरा खाली आला होता.

आत सगळीकडे धूळ बसू नये म्हणून पांढऱ्या चादरी टाकल्या होत्या. कामगारांनी भिंतीपाशी जागा करायला पडदा पाच-सहा फूट पुढे ओढून टांगला होता. पेटी उघडली. त्यात चपटे ब्रश, कापडाचे बोळे, एक झिजलेला झाडू, डब्याची वाळलेली झाकणं. मी खाली बसून एकेक वस्तू कागदात गुंडाळायला लागले. मान वर केली तर आई शेजारी नव्हती.

ती मधल्या वाटेनं चढत पार वर, शेवटच्या रांगेत जाऊन बसली होती. वाटेकडेची खुर्ची.

"तिथे काय करतेस?" मी ओरडले.

"माझी जागा आहे ही," तिचा आवाज आला. एक्सचेंजमधला, खणखणीत. "पायऱ्या छान दिसतायत अजून. झाड जरा काळवंडलंय. बदक ठीक आहे."

"वहिनी, हंस आहे तो," दारवाले काका म्हणाले.

"झालं. तुम्ही कायम यांच्याच बाजूनं."

"मी नाही बाजू घेत कुणाची. मान बघा ना त्याची केवढी आहे."

"मान तुम्हाला तिथे उभं राहून दिसते. मी पैसे देऊन इथे बसलेली बाई आहे. मला बदक दिसतंय."

मला हसू आलं. हे भांडण मी घरात शंभरदा ऐकलं होतं, पण अर्धंच. बाबा घरी येऊन म्हणायचे, 'तुझ्या आईला पक्षी ओळखता येत नाहीत.' ते नेमकं कुठून कुठे चालायचं, हे मला आज कळत होतं. पडदा रंगवताना बाबा तिला सुट्टीच्या दिवशी बोलावून घ्यायचे आणि एकेका रांगेत बसवायचे. तिनं दिसतं तेवढंच सांगायचं.

"सांगायचे मी," आई वरून म्हणाली. "पानं दिसत नाहीत म्हटलं की हे बघायचे माझ्याकडे, बोलायचे नाहीत, आणि पडद्यामागे निघून जायचे. मला वाटायचं, चिडून बसलेत."

"चिडायचेच," काका म्हणाले. "वहिनी, खाली या जरा. तुम्हाला एक दाखवायचंय. ताई, तूही ये."

पडद्यामागे आम्ही तिघं एका रांगेत शिरलो. मागे भिंत, पुढे कापड. मी सोळाशे फोटो काढले तेव्हा पडदा भिंतीला चिकटून होता. त्याला पाठ आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. समोरच्या उजेडानं बाग कापडातून पुसट दिसत होती, उलटी. आणि प्रत्येक गोष्टीच्या बरोबर पाठीमागे सुताराच्या जाड पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. अक्षर बाबांचं.

झाडामागे होतं, 'रांग ४ पर्यंत पानं. पुढे झुबके. १५ नंतर नुसता हिरवा, बोळ्यानं.'

पायऱ्यांमागे, 'भेगा रांग ६ पर्यंत. मग सावली पुरे.'

आकाशामागे, 'काही करू नये. ही म्हणते छान आहे.'

"दर दोन-तीन वर्षांनी पडदा उजळायला लागायचा," काका म्हणाले. "तेव्हा कुठे किती जीव घालायचा, हे विसरायला नको म्हणून लिहायचे. म्हणायचे, लांबच्या माणसासाठी जवळचं काम करू नये, आणि जवळच्यासाठी लांबचं. दोघंही फसतात."

आई वाचत वाचत तळ्यापर्यंत गेली होती. तिनं चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय लिहिलंय?"

मी वाचलं. 'हंस. रांग ५ पर्यंत पिसं. ९ पर्यंत मान. १२ पासून ही म्हणते बदक.'

त्याखाली, निळ्या पेन्सिलीनं, केव्हातरी नंतर, 'मान लांब केली. तरी बदक.'

आणि त्याखाली, अजून नंतर, जरा थरथरत्या अक्षरात, 'राहू दे.'

आईनं चष्मा काढून हातात घेतला. मला वाटलं, आता तिला बाहेर न्यावं. पण तिचे खांदे हलायला लागले आणि मग ती मोठ्यानं हसली, इतकी की बाहेरचा प्लास्टरवाला डोकावून गेला. हसताना तिनं एक हात त्या 'राहू दे'वर टेकवला होता.

"म्हणजे ऐकत होते," ती म्हणाली. "तीस वर्षं मी म्हणत होते, हे काही ऐकून घेत नाहीत."

मी सगळं लिहून घेतलं. मग काकांकडून मोजपट्टी मागितली. एक टोक त्यांनी मागच्या भिंतीशी, पडद्याच्या नेहमीच्या जागी धरलं, दुसरं घेऊन मी पहिल्या रांगेपर्यंत गेले. पाच मीटर. दोन रांगांमध्ये पंच्याऐंशी सेंटिमीटर. म्हणजे बारावी रांग पडद्यापासून चौदा मीटर पस्तीस. काकांनी विचारलं, हे कशाला, तर मी म्हणाले, बदक इथे सुरू होतं. ते म्हणाले, "तूही वहिनींच्या बाजूला गेलीस का?"

दुपारी ऑफिसात कात्रीपुढे कागद ठेवला. तिनं तो दोनदा वाचला. मग तिनं तो मास्तरांना दिला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी इतके दिवस तिचं काहीतरी लपवून ठेवलं होतं.

"ताई, हे माझं काम आहे," ती म्हणाली. "हे अख्खं माझं काम आहे. रांगांच्या जागी मीटर घातले की झालं. पेन्सिलीनं केलंय त्यांनी."

"पेन्सिलीनं आणि आईनं."

"मला एक आई हवी अशी, शेवटच्या रांगेत बसवायला."

शुक्रवारी आम्ही पडद्याचे सात तुकडे केले. आकाश, झाड, पायऱ्या, तळं, पक्षी आणि दोन कडा. यंत्राला सगळीकडे एकच आकडा द्यायची चूक आता नव्हती. प्रत्येक तुकड्याला त्याची त्याची अंतरं दिली. झाडाची पानं चौथ्या रांगेनंतर झुबके झाली, पंधराव्यानंतर नुसता हिरवा. आकाशाचे मुळातच दोनशे त्रिकोण ठेवले, कारण त्याला काही करू नये असं लिहिलेलं होतं. एक आवृत्ती जाऊन दुसरी येताना दचकू नये म्हणून कात्रीनं मधल्या रांगांत पहिली विरत जाते आणि दुसरी उमटत जाते अशी सोय केली.

"आणि मूळचा?" मी विचारलं. "एक कोटी दहा लाखांचा?"

मला वाटलं होतं, ती आता समजावणीच्या सुरात बोलेल. ती स्क्रीनवरून नजरही न काढता म्हणाली, "तो कुठे जातोय? पहिली आवृत्ती तीच. फक्त रंगमंचावर पाऊल टाकून जवळ गेल्याशिवाय उघडायची नाही. जो तुकडा समोर असेल तेवढाच उघडेल. तोपर्यंत कपाटात."

"केससुद्धा?"

"कुठला केस?"

मी दाखवला. तिनं नाक स्क्रीनला लावून तो पाहिला. "हासुद्धा," ती म्हणाली.

पक्ष्याशी मात्र आम्ही अडलो. मान निळसर पांढऱ्या रंगाची होती आणि लांबून पाण्यात मिसळून जायची. कॉम्प्युटरमध्ये ती बाविसाव्या रांगेतूनही ठळक दिसेल असं करणं एका मिनिटाचं काम होतं. बाबांना जे पुन्हा रंगवूनही जमलं नाही, ते मी एका रकान्यात आकडा बदलून करू शकत होते. बोट तिथे नेलंही होतं.

मास्तरांनी घसा खाकरला. "शेवटी काय लिहिलंय त्यांनी?"

"राहू दे."

"मग?"

मी रकान्यात चौदा पॉइंट पस्तीस लिहिलं. कुलूप मी त्याआधीच काढलं होतं. चार वाजता जुन्या मशीनवर मॉडेल लावलं. दारातून शिरलो, खुर्च्यांमधून उतरलो, रंगमंचाकडे वळलो. उचकी नाही, मुंग्या नाहीत. शेवटच्या रांगेतून बाग दिसली. मी ती पहिल्यांदाच बघत होते. झाडूनं थापलेला तो हिरवा चिखल म्हणजे वाऱ्यात हललेलं झाड होतं.

"कुणीतरी कौतुक करा," कात्री म्हणाली. मास्तरांनी तिला खालून चहा आणून दिला, स्वतः जिना उतरून.

शनिवारी सभागृह भरलं होतं. पुढे समिती, मागे गावकरी. आई सगळ्यांत मागच्या रांगेत, वाटेकडेच्या खुर्चीवर. दारवाले काका सवयीनं दाराशी उभे. मॉडेल कात्री चालवत होती, बोलायचं काम मास्तरांचं, आणि मी मशीनच्या तारा धरून उभी होते, ज्याची काही गरज नव्हती.

खुर्च्या आवडल्या, झुंबर फार आवडलं. मग कात्री आम्हाला मॉडेलमधल्या बाविसाव्या रांगेत घेऊन गेली आणि रंगमंचावरचे दिवे लावले. बाग उजळली. पायऱ्या वर आल्या.

अध्यक्षबाई पुढे वाकल्या. बारीक चणीच्या, कडक, शब्द मोजून वापरणाऱ्या बाई. त्यांच्या पुढ्यात काळ्या कापडाचा नमुना ठेवलेला मला दिसत होता.

"बाग बरी आहे," त्या म्हणाल्या. "तळ्यात काय आहे ते? बदक?"

"ऐका," मागून आईचा आवाज आला. सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हंस आहे तो," दारातून काका म्हणाले.

"बदक आहे हो, दिसतंय ना," मधून कुणीतरी म्हणालं. "माझं लग्न झालं त्या वर्षी पाहिलंय मी. बदकच होतं."

"तुम्ही मागे बसला असाल," समितीतले एक गृहस्थ म्हणाले. "आम्ही तिसऱ्या रांगेत असायचो. हंस."

"तिसऱ्या रांगेत फुकट पास मिळायचे यांना," कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

अध्यक्षबाईंनी हात वर केला. "जवळ न्या बरं."

कात्री हळूहळू पुढे निघाली. वीस. सोळा. बारा. अकराव्या रांगेला पाण्यात काहीतरी पांढरं हललं. दहाव्याला ते वळलं. नवव्या रांगेशी, कुणी काही केलं आहे असं न वाटता, मान वर आली. लांब, बाकदार, निवांत.

"बघा," काका म्हणाले.

"मागे न्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. मान पाण्यात गेली. बदक. "पुढे." हंस. "मागे." त्यांनी चार वेळा पुढेमागे करायला लावलं. चौथ्या वेळेला त्या आपण अध्यक्ष आहोत हे विसरल्या होत्या. मागचे लोक उभे राहून बघायला लागले. प्रत्येक जण शेजारच्याला आपण कुठे बसायचो आणि तिथून काय दिसायचं ते सांगत होता.

"हे तुम्ही कॉम्प्युटरमध्ये केलंत?" अध्यक्षबाईंनी मला विचारलं.

"नाही. ते पडद्यातच आहे. आम्ही फक्त काढून टाकलं नाही."

त्यांनी सचिवांकडे पाहिलं. "काळ्याचं काय ठरलं होतं आपलं?"

"तसं काही ठरलं नव्हतं," सचिव म्हणाले, आणि त्यांनी तो नमुना फायलीखाली सरकवला.

"मग हाच राहील. आता हा काढला तर लोक माझ्या घरी येतील विचारायला."

कात्रीनं टेबलाखालून माझ्या पावलावर पाय दिला. मी तारा सोडल्या.

लोक पांगल्यावर सभागृहात आम्हीच उरलो. मास्तर आणि काका बाहेर बोलत उभे होते. आई वाटेनं खाली आली आणि स्क्रीनसमोर थांबली.

"जवळून दाखव मला," ती म्हणाली. "यांनी कधी दाखवलं नाही. म्हणायचे, तू जवळून पाहिलंस तर तुला लांबचं खरं सांगता यायचं नाही."

कात्री उठली आणि मला तिची जागा दिली. मी आईला मॉडेलमध्ये पायऱ्यांवरून वर, रंगमंचावर, पडद्यापर्यंत नेलं. पंखाचा तुकडा उघडला. मशीननं क्षणभर दम घेतला आणि मग पिसं आली, एकेक ओढ, एकेक कड, आणि पांढऱ्या रंगात उभा चिकटलेला तो केस. आईनं बोट पुढे केलं, स्क्रीनला लावलं नाही.

"तो फुटका ब्रश टाका म्हणून किती वेळा सांगितलं होतं मी यांना," ती म्हणाली. "केस गळतात म्हटलं त्याचे."

ती बराच वेळ बघत राहिली. मग पदरानं चष्मा पुसला, वळली, आणि वाट चढून परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

"हं," तिथून तिचा आवाज आला. "आता मागे ने. हळू."

मी मागे निघाले. पिसं मिटली. पाच, सहा, सात. मान होती. नऊ. दहाव्या रांगेला ती पुसट झाली, अकराव्याला मला वाटलं अजून आहे.

"थांब," आई म्हणाली. मी थांबले. रांग बारा.

"बदक," ती म्हणाली.

मी पेन्सिल शोधली आणि लिहून घेतलं.